नावाला ओ

तो मोबाईल आधी पालथा ठेव. खिशात नको, इथे माझ्यासमोर पालथा. आणि तू गं, तिकडे दाराशी काय बसलीस? पुढे ये. गोष्ट ऐकायची तर नीट ऐका. मध्येच ‘काका, मग?’ ‘काका, मग?’ करून माझं डोकं खायचं नाही. मग काय झालं ते मला ठाऊक आहे आणि मी ते सांगणार आहे.

अजून एक. या गोष्टीत मी कुणाचंही नाव घेणार नाही. रात्रीच्या वेळी मी माणसांची नावं मोठ्याने घेत नाही. हसू नकोस. थोडा वेळ थांब, मग हसून दाखव.

माझा एक मित्र होता. त्याला सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने काडी आणि शर्टाच्या कॉलरला कायम दोन-चार टाचण्या खोचलेल्या. कचेरीत होता ना, कागद टाचायला लागायच्या. थापा मारणाऱ्यातला अजिबात नव्हता. चहात साखर किती घालू विचारलं तरी विचार करून सांगायचा. तेव्हा हे जे त्याने मला सांगितलं, त्यात मीठमसाला नाही. थोडं तर मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय.

टाचणी मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागात होता. तिथे राजीखुशीने कोण जातो? जन्माच्या खिडकीवर निदान हसरी तोंडं दिसतात. इकडे दिवसभर रडकी माणसं आणि धूळ. पण या पठ्ठ्याने साहेबाच्या मागे लागून ती जागा मागून घेतली होती. त्याचं कारण होतं त्याचा थोरला भाऊ.

दादा. दादाचं आणि बापाचं एकदा कडाक्याचं वाजलं, आणि दादा जेवता जेवता उठून जो गेला तो गेला. अकरा वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही, साधा निरोप नाही. पुढे बाप वारला. घरात राहिली आई आणि हा. आता हरवलेला माणूस जिवंत आहे की नाही हे कुणाला विचारणार? पोलिसांना विचारून झालं, नातेवाइकांना विचारून झालं. टाचणीने डोकं लढवलं. म्हणाला, जिवंत माणूस कुठेही लपेल, पण मेलेला कुठे ना कुठे कागदावर येतोच. आजूबाजूच्या सगळ्या दवाखान्यांतून, ठाण्यांतून नोंदी त्याच्या टेबलावर यायच्या. तिथे बसलं की कोण गेलं ते कळतं. कोण अजून गेलेलं नाही, तेही कळतं.

रोज संध्याकाळी हा घरी आला की आई उंबऱ्यातच विचारायची, “काय रे, नाही ना?”

हा चपला काढता काढता म्हणायचा, “नाही, आई.”

झालं! मग ती गॅस पेटवायची. लोकांच्या घरात ‘आहे’ ऐकलं की बरं वाटतं, यांच्या घरात ‘नाही’ ऐकल्याशिवाय भांडं वाजत नव्हतं. अकरा वर्षं त्या म्हातारीने त्या एका शब्दावर काढली.

टाचणीला खरी धास्ती असायची ती बिननावाच्या नोंदींची. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस.’ असं काही आलं की डाव्या भुवईवर व्रण लिहिलाय का, ते आधी बघायचा. दादाला तो व्रण होता. नसला लिहिलेला की जिवात जीव. पण दर वेळी कोण एवढं बघून लिहितो रे? हा विचार मनात आला की तो दाबून टाकायचा आणि घरी जाऊन ‘नाही’ म्हणायचा.

तर, त्या वर्षी वरून हुकूम आला. सगळ्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरात. आधी बाहेरच्या माणसांकडून टाइप करून घेतल्या, मग ताळा घ्यायचं काम टाचणीच्या गळ्यात. ताळा झाला की जुनी रजिस्टरं टेम्पोत भरून कुठल्याशा गोदामात जाणार. आणि यापुढे जे कॉम्प्युटरात नाही, ते झालंच नाही असं धरणार. म्हणजे एखादं नाव टायपायचं राहिलं, तर तो माणूस मेलासुद्धा नाही. मग जन्मला होता का, तेही कुणी विचारायला नको. टाचणीला ते फार लागलं होतं. डोळ्यांत तेल घालून काम करत होता.

ताळा कसा घेतात माहितीये? दोघं लागतात. एक रजिस्टरातून नाव मोठ्याने वाचतो, पूर्ण नाव. दुसरा पडद्यावर बघतो आणि सापडलं की म्हणतो, “आहे.” मग वाचणारा पेन्सिलीने बरोबरची खूण करतो आणि पुढे सरकतो. वाचायचा टाचणी. समोर ऑपरेटर बाई. मधे तो जुना ढब्बू मॉनिटर आणि त्याच्या बाजूला फायलींचा ढीग, त्यामुळे समोर बसलेल्याचं डोकंसुद्धा दिसत नव्हतं. नुसता आवाज यायचा. नाव... आहे. नाव... आहे. पहिल्या दिवशी दोघांनाही हसू आलं, म्हणे. बाई म्हणाली, “भाऊ, वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटतंय हो.” महिनाभराने हसू गेलं, सवय राहिली. टाचणी झोपेत नाव पुटपुटायचा आणि उत्तराची वाट बघायचा.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. रविवारी सकाळी टेम्पो येणार होता आणि एक जाडजूड रजिस्टर बाकी होतं. टाचणी संध्याकाळी घरी जाऊन आईच्या हातचे चार घास खाऊन आला. बाईही आली. दोघं बसली. दहाच्या सुमारास बाईला घरून फोन आला, पोराला ताप चढलाय.

“भाऊ, तुम्हीपण निघा. पहाटे येऊन उरकू.”

“पहाटे कशाला उगाच धावपळ? तुम्ही जा. मी बघतो जमेल तेवढं.”

बाईने खुर्ची टेबलाखाली सरकवली, डबा उचलला आणि गेली.

आता टाचणी एकटा. मनात वाचलं की त्याची नजर ओळ सोडायची, म्हणून तो मोठ्यानेच वाचत राहिला. नाव वाचायचं, उठायचं, टेबलाला वळसा घालून पडद्यावर बघायचं, परत येऊन खूण करायची. लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक छतापर्यंत. वर एकच ट्यूबलाइट. बाहेर जिन्याला कुलूप, किल्ली याच्याच खिशात, वॉचमन खाली गेटाशी. थोड्या वेळाने गुडघे बोलायला लागले. पण काम पुढे सरकत होतं.

पावणेबाराला त्याने घड्याळ बघितलं. पुढचं नाव वाचलं.

“आहे.”

त्याने खूण केली.

पुढचं नाव.

“आहे.”

खूण.

अरे, सवय! महिनाभराची सवय. तिकडून उत्तर आलं की हात आपोआप चालतो. त्याला वाटलं, वा, आता कसं भराभर होतंय. पान संपलं. त्याने बोटाला थुंकी लावली, पान उलटलं. पहिलं नाव वाचलं, “आहे” आलं, पेन्सिल कागदाला टेकली...

आणि त्याला आठवलं.

बाई गेलीय.

पेन्सिल तिथेच राहिली. त्याने हळूच वाकून टेबलाखालून बघितलं. पाय नव्हते. खुर्ची बाईने सरकवली होती तशीच, टेबलाला चिकटून. त्या फटीत मांजर मावलं नसतं.

तुम्ही म्हणाल, पळाला का नाही? मीही विचारलं. तर मला म्हणाला, “पाय उचलतच नव्हते रे. आणि मला वाटलं, माझेच कान वाजतायत. खात्री करून घ्यावी.” खात्री! याला त्या वेळी खात्री सुचली. कारकून तो कारकूनच.

त्याने पुढचं नाव वाचलं. बाईचं नाव होतं.

“आहे.” बाईचा आवाज. ऑपरेटर बाईचा नव्हे... कुणीतरी वयस्कर.

पुढचं. पुरुषाचं. आधी खोकल्याची ढास आली. मग घसा खाकरला. मग, “आहे.”

पुढच्या नावासमोर वय होतं चार वर्षं. त्याला वाचायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

“आए.”

‘ह’ नाहीच. चार वर्षांचं पोर ते. त्याला ‘ह’ कुठून येणार?

टाचणीने पेन्सिल खाली ठेवली. त्याला कळून चुकलं. पडद्यात बघून कुणी सांगत नव्हतं. ज्याचं नाव, तोच ओ देत होता.

रजिस्टर मिटायला त्याने हात घातला. तर बोटाखालीच पुढची ओळ. नाव नव्हतं. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस.’ खुणेचा रकाना रिकामा. व्रण आहे, नाही, काही नाही. आणि या एका ओळीसाठी तर तो इतकी वर्षं या खोलीत बसला होता.

त्याने वाचलं. “अनोळखी... पुरुष.”

काही नाही.

मग डाव्या बाजूच्या रॅकमधून, अगदी दबक्या आवाजात, “आहे.”

मग उजवीकडून. “आहे.”

मग वरून. खालून. पाठीमागून... “आहे... आहे... आहे...”

ज्यांची नावं कुणी लिहिलीच नाहीत, ते सगळे. कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं ना त्यांना.

टाचणी कानांवर हात ठेवणार होता. ठेवले नाहीत. तो ऐकत बसला. एकेक आवाज. यात दादा आहे का? अकरा वर्षांत आवाज कसा झाला असेल? हा? की तो? ओळखूच येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि मग आवाज एकेक करत थांबले. खोली गप्प.

तेव्हा त्याला वाटलं, आता विचारायचंच. रोज आईला खोटंखरं सांगण्यापेक्षा एकदाचं कळू दे. दादा यांच्यात असेल तर ओ देईल. नसेल तर... नसेल तर काहीच यायचं नाही. ‘नाही’ म्हणायला तिथे होतं कोण?

त्याने दादाचं पूर्ण नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. खणखणीत, ताळ्याला घेतात तसं.

शांतता.

तो श्वास रोखून बसला.

शांतता.

नको देऊस ओ, दादा. नको देऊस. गप्प राहा...

काही नाही. काहीच नाही. टाचणीला रडू फुटलं आणि हसूही. तो उठला. दादा यांच्यात नव्हता! पिशवी घेतली. दिव्याच्या बटणाला हात लावला.

“आहे.”

बाईचा आवाज. धापा टाकत आलेला... आतल्या खोलीतून कुणी घाईघाईने बाहेर येऊन बोलावं तसा.

टाचणी चक्रावला. नाव पुरुषाचं आणि ओ बाईची? असं मघापासून एकदाही झालं नव्हतं. तो जिने उतरला, वॉचमनला काहीतरी बोलला, स्कूटरला किक मारली. पुलापर्यंत गेला असेल-नसेल. आणि त्याला तो आवाज ओळखू आला.

आईचा होता.

पुढचा रस्ता कसा गेला, त्याला आठवत नाही. घराच्या दिव्याचा उजेड खिडकीतून दिसला. या वेळी दिवा? दार ढकललं. तर आई पलंगावर बसलेली. धडधाकट. चेहरा असा खुललेला, की त्याने तसा कधी बघितलाच नव्हता.

“आलास? अरे, तू दादाला हाक मारलीस ना मघाशी?”

हा दारातच उभा.

“बाहेरून मारलीस. पूर्ण नावाने, एखादा मास्तर मारतो तशी. मला वाटलं, भास झाला. मग म्हटलं, नाही, हा तर माझ्या धाकट्याचा आवाज. मी आत पाणी प्यायला गेले होते, धावत आले आणि म्हटलं, आहे.”

“आई... का ओ दिलीस तू?”

“अगंबाई! मग काय करायचं? लहानपणीही तो कुठे उंडारायला गेला आणि कुणी हाक मारली की मीच नाही का सांगायची, आहे, आहे, येतोय म्हणून? त्याच्या नावाने कुणी हाक मारावी आणि घरातून उत्तरच नसावं, असं कसं रे चालेल?”

टाचणीने अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. आईने त्याच्याकडे निरखून बघितलं. मग तिचा आवाज बारीक झाला.

“काय रे... नाही ना?”

हा कसंबसं म्हणाला, “नाही, आई.”

“मग असा काय उभा भुतासारखा? झोप जा.”

ती आडवी झाली, चादर ओढून घेतली. हा तिच्या उशाशी बसून राहिला, तिचा हात हातात घेऊन. रात्रभर डोळा लावायचा नाही असं ठरवलं होतं त्याने. पहाटे जरा डुलकी लागली. जागा झाला तेव्हा हात थंड होता.

रविवारी दुपारी मी खांदा दिलाय तिला. टाचणी नुसता माझ्या दंडाला धरून चालत होता.

आणि मग ऐका. अजून आठवडा झाला नव्हता. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो. टाचणीची मावशी आलेली, ती आत होती. फाटकाचा आवाज आला. एक माणूस आत आला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, डोक्याला बँडेज. डाव्या भुवईवर व्रण.

दादा!

अरे, काय सांगू तुम्हाला. टाचणी त्याच्या गळ्यात पडला नाही, तो त्याला बुक्क्यांनी मारायलाच लागला. आणि मारता मारता हंबरडा फोडला. दादा मार खात उभा होता आणि विचारत होता, “आई कुठाय? आई कुठाय रे?”

सगळं शांत झाल्यावर दादाने सांगितलं. लांबच्या एका शहरात रस्त्यावर ट्रकने उडवलं होतं. खिशात नाव-पत्ता काही नाही. दवाखान्यात दोन दिवस बेशुद्ध. शनिवारी मध्यरात्री डॉक्टरांनी हात टेकले, तोंडावर चादरसुद्धा ओढली. मग थोड्या वेळाने चादर हलली म्हणून वॉर्डबॉय किंचाळत सुटला.

“तुझी हाक ऐकली मी,” दादा टाचणीला म्हणाला. “पूर्ण नावाने मारलीस. खूप माणसं होती तिथे रांगेत, अंधारात. मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर मागून आई म्हणाली, ‘तू गप्प बस. मी देते.’ आणि मला हाताने मागे सारून ती पुढे गेली.”

टाचणीने माझ्याकडे बघितलं. त्याने त्या रात्रीचं तेव्हा फक्त मला सांगितलं होतं. दादाला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

काय म्हणतेस? नाही, मी अर्थबिर्थ लावत नाही. जे झालं ते सांगतो. आणि खरी गंमत पुढेच आहे... गंमत कसली.

दादाच्या मनगटाला दवाखान्याची पट्टी होती. प्लास्टिकची, कापल्याशिवाय निघत नाही ती. बेशुद्ध असताना नर्सने त्यावर लिहिलं होतं, ‘अनोळखी पुरुष’. शुद्धीवर आल्यावर दादाने स्वतः वाचलं होतं ते. नंतर कुणी बदलली नाही, कुणी हात लावला नाही. टाचणीने कात्री आणली, पट्टी कापली आणि उजेडात धरली.

त्यावर एका बाईचं नाव होतं.

निळ्या शाईत. पूर्ण नाव, आडनावासकट. टाचणीने वाचलं, दादाने वाचलं, मी वाचलं. त्या नावाची बाई आमच्यापैकी कुणाच्याही ओळखीची नव्हती. टाचणीने तर आयुष्यात हजारो नावं वाचलेली, त्यालाही आठवेना. दादा म्हणाला, “दुसऱ्या कुणाची पट्टी चुकून बांधली असेल.” पण मघाशीच म्हणत होता, मी वाचली होती म्हणून.

तेवढ्यात मावशी बाहेर आली, आईची पाठची बहीण. “काय बघताय रे तिघं?” म्हणून तिने पट्टी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. आणि खालीच बसली.

बराच वेळ ती पट्टीवरून नुसता अंगठा फिरवत राहिली.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?” तिने विचारलं. “ही ताई आहे. तुमची आई. लग्नाच्या आधी हेच नाव होतं तिचं. लग्नात नाव बदललं, आणि माहेर तर तुम्ही जन्मायच्या आधीच संपलं, आडनावसुद्धा तुमच्या कानावर पडलं नाही. ते ठाऊक असलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.”